साल भरानं येतो

शाइस्ताच्या मनातून सकाळपासून एकच गोष्ट जात नव्हती. गाडीत अब्बांना खोकल्याची उबळ आली, तर शेजारचा माणूस त्यांना पाणी देईल, की तोंड फिरवून दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल?

उस्मान पिंजारी, साठी कधीच ओलांडलेला माणूस, काल अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला लेकीकडे मुक्कामाला आले होते आणि आज सकाळी काचीगुड्याच्या गाडीत बसून हैदराबादला निघाले होते. सोबत एक कापडी पिशवी, पोळ्यांचा डबा आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली धनुकली. धनुकली म्हणजे रुई पिंजायची लाकडी कमान, जवळजवळ माणसाच्या उंचीची. जावयाने स्कूटरवरून स्टेशनवर सोडलं तेव्हा त्यांनी मागे बसून ती मांडीवर आडवी धरली होती, आणि रस्त्यातली माणसं वळून वळून पाहत होती. एवढं सगळं घेऊन ते निघाले कशासाठी, तर तिथल्या एका बाईंची गादी पिंजून द्यायला. त्या बाईंनी बोलावलं नव्हतं. हा माणूस येतो आहे याची त्यांना खबरही नव्हती.

शाइस्ताने भाजी चिरली, मुलीला, आरजूला, शाळेत पोचवलं, कपडे वाळत घातले. हात चालत होते. मन मात्र गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसापाशी. मोबाइलची बॅटरी पुरावी म्हणून अब्बा फोन बंद करून ठेवतात. लावला तर कंपनीची ती ठरलेली बाई बोलते, तीन भाषांत, की संपर्क होऊ शकत नाही.

अंजनगावच्या आसपासच्या गावांत उस्मानभाऊ म्हटलं की बायकांना कमानीचा आवाज आठवायचा. अंगणात रुईचा ढीग, त्यावर टांगलेली कमान, आणि तिच्या ताणलेल्या दोरीवर, तातीवर, लाकडी मुठीचा ठोका पडला की टुंग्‌ करून रुई उडायची. पोरं भोवती गोळा व्हायची. उस्मानभाऊंच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस, सगळं पांढरं होऊन जायचं. "उस्मानभाऊ, तुमी तं सकाळी जवान होते, दुपारी बुढे झाले," असं कोणी म्हटलं की ते म्हणायचे, "सांजी आंघोळ केली की पुन्ना जवान. तुमच्यासारखं नाही."

त्या भागातल्या शेतकरी घरात एक रीत होती. लेक लग्नाला आली की पहिल्या वेचणीचा उजळ कापूस एका गाठोड्यात वेगळा ठेवायचा. तो बाजारात जायचा नाही. त्याची गादी लेकीसोबत सासरी जायची. आणि पिंजाऱ्याने शेवटचा टाका घालून उठताना म्हणायचं, "साल भरानं येतो." नवी रुई पहिल्या वर्षात दबते, तिच्या गुठळ्या होतात, ती एकदा उकलावी लागते. ती पहिली उकल पिंजाऱ्याच्या अंगावरची. तिची मजुरी घ्यायची नाही, फक्त त्या घरी जेवायचं. लेक तेल्हाऱ्याला दिली असो की बाळापूरला, उस्मानभाऊ वर्ष भरलं की कमान खांद्यावर टाकून निघायचे. परतताना तिच्या माहेरावरून यायचे आणि पोरीची खुशाली सांगायचे.

गादी उकलली की त्यांना बरंच काही कळायचं. एकदा तेल्हाऱ्याहून ते परत आले आणि पोरीच्या आईच्या, दुर्गाबाईंच्या, ओसरीवर पाणी पिऊन म्हणाले, "पोरीले दोन मयने घेऊन या." दुर्गाबाईंनी विचारलं, काय झालं? ते एवढंच म्हणाले की गादी एकाच कडेनं दबली आहे, बाकी सारी कोरी आहे. दुर्गाबाई दुसऱ्या दिवशीच निघाल्या. पुढे त्या घरातलं काय ते निस्तरलं, आणि ती पोर आज चांगली नांदते आहे. पण तेव्हापासून उस्मानभाऊंचं ते वाक्य कोणी हसण्यावारी नेलं नाही. शाइस्ता लहानपणापासून ते ऐकत आली होती. तिला ते दुकानदाराचं बोलणं कधी वाटलंच नाही. घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो, तसंच ते.

मग ती वर्षं आली. आधी पावसाने दगा दिला, मग बोंडात गुलाबी अळी शिरली. कापूस घरी यायचा तो डागी, किडका, आणि तोही उंबऱ्याला न टेकता व्यापाऱ्याच्या गाडीत चढायचा. गाठोडं वेगळं ठेवायला काही उरेना. लग्नं पुढे ढकलली जाऊ लागली. जी झाली त्यांत फोमची गादी आली, कारखान्यातून आलेली, प्लास्टिकसकट. उस्मानभाऊंना कोणी बोलावेना. शाइस्ताची अम्मी त्याच दिवसांत गेली. अब्बा दिवसभर ओट्यावर बसून असायचे आणि कमान खुंटीवर.

धाकटा भाऊ जुबेर अमरावतीला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्याने एका ईदला येऊन सांगितलं की आता सगळी दुनिया हातातल्या काचेवर बाजार करते. अमेरिकेतला माणूस असो, चीनमधला, की आपल्या दर्यापुरातला, घरात बसून 'कापसाची गादी' असं लिहितो आणि त्याच्यापुढे शंभर गाद्या येऊन पडतात. पण तो लगेच घेत नाही. ज्यांनी आधी घेतल्या त्यांनी काय लिहिलंय ते वाचतो, एकीची दुसरीशी तुलना करतो, कोणाला काही शंका असली तर विचारतो, आणि मग घेतो. साधी उशी घ्यायला लोक चार दिवस लावतात.

जुबेरला वाटलं होतं अब्बा तोंडात बोट घालतील. अब्बा म्हणाले, "म्हणजे दुर्गाबाईची गादी पाहून पार्बताबाईनं बोलावलं, तसंच ना?"

"तसंच, अब्बा. फक्त दुर्गाबाया करोडो हायेत."

अब्बांना ते पसंत पडलं. माणूस विचारून-सवरून घेतो यात त्यांना काही नवं दिसलं नाही, चांगलंच दिसलं. जुबेरने फोटो काढले आणि गादीबद्दल काय लिहायचं म्हणून विचारलं. अब्बा जे सांगत गेले ते तो इंग्रजीत टाइप करत गेला. रुई कुठली, खोळ कसली, टाके किती अंतरावर. आणि शेवटी, सवयीने, "साल भरानं येतो, पिंजून देतो." जुबेरने तेही टाकलं. त्याला ते वाक्य दिसायला छान वाटलं. बाकीच्या गाद्यांखाली कंपनीची हमी लिहिलेली होती. इथे एक माणूस येतो म्हणत होता.

मागण्या येऊ लागल्या. फार नाही, पण येऊ लागल्या. कोणी नागपूरचं, कोणी पुण्याचं, कोणी ज्या गावाचं नाव अब्बांनी ऐकलंही नव्हतं तिथलं. टेम्पोवाला येऊन गुंडाळ्या घेऊन जायचा. आणि काही दिवसांनी त्या लोकांचे अभिप्राय यायचे.

शाइस्ता बी.ए. झालेली. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की अब्बांचा फोन यायचा. ती मोबाइलवरचे अभिप्राय वाचून त्यांना आपल्या भाषेत सांगायची. अब्बांना प्रत्येक अभिप्राय म्हणजे निरोप वाटायचा, आणि निरोपाला उत्तर द्यायचं असतं. एकाने लिहिलं की गादी थोडी कडक वाटते. अब्बा म्हणाले, दोन दिवस उन्हात टाकायला सांग. एकाने दोनच तारे दिले, कारण पोचवणाऱ्याने गुंडाळी पावसात दारात टाकली होती. "पाऊस माह्या हातात हाये का?" असं अब्बा आधी म्हणाले. मग म्हणाले, "तरी सांग त्यायले, दोनी अंगानं तापवा म्हणा."

तिने जुबेर काय उत्तर देतो ते एकदा वाचून दाखवलं. 'आपल्या मौल्यवान मताबद्दल आभार.' सगळ्यांना तेच.

अब्बा चिडले. "माणूस पाठ दुखते म्हणते न् हा आभार मानते?"

हैदराबादच्या पद्मजा नावाच्या बाईंचा अभिप्राय असाच एका शुक्रवारी आला होता. गादी चांगली आहे, आई शांत झोपते, असं लिहून पुढे होतं, 'वर्षभराने पिंजायला येणार आहेत म्हणे! बघू या, येतात का!' आणि त्यापुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेला तो पिवळा चेहरा. शाइस्ताने शब्द वाचले. चेहरा काय वाचून दाखवणार? पलीकडून अब्बा समाधानाने म्हणाले, "वाट पाहून राहिले."

तिने तेव्हाच सांगायला हवं होतं की नको, हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं. त्या क्षणी तिला वाटलं, वर्ष कुठे जवळ आलंय? कोण जातंय एवढ्या लांब?

वर्ष भरलं तसे अब्बा गुंडाळ्यांवरून उतरवून ठेवलेले पत्ते घेऊन निघाले. पहिल्यांदा नागपूर. तिथले निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको चकित झाली. त्यांनी गच्चीवर रुई पसरायला जागा दिली, जेवायला घातलं, शेजाऱ्यांना बोलावून कमान दाखवली. अब्बा परतले ते आठ दिवस तेच सांगत होते. वाटेत रेल्वेच्या शिपायाने, हे हत्यार कसलं, म्हणून अडवलं, तर यांनी फलाटावरच तात छेडून दाखवली. "शिपाई म्हणते, चाचा, गाना बजाओ." हे सांगताना हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेना.

शाइस्ताने त्यांना अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि आयुष्यभराची रुई छातीत बसली आहे, असं सांगितलं. बसली ती निघणार नाही. आता आणखी जाऊ द्यायची नाही, पिंजण बंद. अब्बांनी मान हलवली. बाहेर येऊन म्हणाले, डॉक्टर चांगला माणूस आहे. आणि महिन्याभरात पुण्याला गेले.

पुण्याहून ते लवकर परतले. "झालं काम," एवढंच म्हणाले. "गादी चांगली राह्यली हाये." नागपूरसारखं काही सांगितलं नाही. शाइस्तानेही विचारलं नाही, दमले असतील असं समजून. पुढच्या शुक्रवारी अब्बांचा फोन यायच्या आधी ती सवयीने अभिप्राय पाहत होती. एक तारा. खाली लिहिलेलं होतं, 'एक अनोळखी म्हातारा हातात हत्यारासारखं काहीतरी घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर आला आणि आमचं नाव घेऊन दुपारभर बसून राहिला. आमचा पत्ता त्याला कोणी दिला? या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नका.' त्याखाली बऱ्याच लोकांनी, हा अभिप्राय उपयोगी वाटला, असं नोंदवलं होतं.

फोन वाजला. तिने जुनाच एक चांगला अभिप्राय पुन्हा वाचून दाखवला. अब्बांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "पुन्याचं काही आलं का?"

"नाही, अब्बा."

"हं. कामात असतीन."

ते गेटवर बसून होते हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही, आणि आपल्याला ते माहीत आहे हे लेकीने त्यांना सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये ते तसंच राहिलं. शाइस्ता आरजूला ताप आला की जशी तिच्या उशाशी बसायची, तशी त्या दिवसानंतर अब्बांच्या आवाजापाशी बसू लागली. श्वास कुठे अडकतो, वाक्य कुठे तुटतं, ते ऐकत. दुसरं तिला करता येण्यासारखं काही नव्हतं. जुबेरने ते वाक्य लगेच काढून टाकलं. पण ते वाचून ज्यांनी गाद्या घेतल्या होत्या, त्यांच्या घरांतून ते काढता येणार नव्हतं.

काल अब्बा कमान घेऊन दारात उभे राहिले तेव्हा तिला कळलं की हैदराबादचं वर्ष भरलं. चहा देताना तिने सगळं करून पाहिलं. डॉक्टरांचं नाव घेतलं, अम्मीचं नाव घेतलं, आरजूला त्यांच्या मांडीवर बसवलं. जावयानेही चार शब्द सांगितले. अब्बा बशीत चहा ओतून फुंकत राहिले. शेवटी तिने ते सांगून टाकलं.

"अब्बा, त्या बाईनं गमतीनं लिवलं होतं. पुढे हसणारं तोंड काढलं होतं. मी तुमाले सांगितलं नाही."

अब्बांनी बशी खाली ठेवली. रागावले नाहीत. "गमतीनं इचारलं, तरी इचारलंच ना बेटा?"

"पण त्या वाट नाही पाहून राहिल्या."

"त्या नसतीन पाहत. बाकीचे? जुबेरच म्हणत होता, लोक वाचून घेतात. दुनिया वाचते म्हणे. आता कोणी वाचलं का पिंजारी येतो म्हणते, न् त्यानं त्या बाईले इचारलं का आला का वो तुमचा पिंजारी? त्या काय सांगतीन?"

"कोणी नाही इचारत, अब्बा."

"काहून नाही इचारत? दुर्गाबाईले सारे इचारत."

ही दुनिया केवढी मोठी आहे हे शाइस्ताला जुबेरपेक्षा कमी आणि अब्बांपेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्या मधल्या जागेतून बोलायला शब्द सापडत नव्हते. त्या काचेवर करोडो माणसं दुसऱ्या करोडो माणसांचं वाचत होती, आणि अब्बांना मात्र तिथे एकच ओसरी दिसत होती, जिच्यावर पुन्हा जायचं तर तोंड दाखवता आलं पाहिजे. डॉक्टरांचं काय, असं तिने पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले की नाकाला फडकं बांधीन. आजवर त्यांनी कधी बांधलं नव्हतं. फडकं बांधलं की रुईचा वास येत नाही, आणि वासाशिवाय ती ओली की कोरडी ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

गाडी सुटल्यावर तिने जुबेरला फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तो बाहेर येऊन बोलला.

"तू थांबवलं काहून नाही?"

"मी कवा थांबवू शकलो, आपा? तू बी.ए. झाली, तूच समजवायचं होतं."

"बरं, त्या बाईचा नंबर दे. पार्सलच्या वेळचा तुह्याजवळ असंल."

तो घाबरला. ग्राहकाला असा घरगुती फोन केला, तिने तक्रार टाकली, तर ती मोठी कंपनी आपलं दुकान कायमचं बंद करते, विचारत पण नाही, असं त्याने सांगितलं. पुण्याच्या एका ताऱ्यानंतर मागण्या निम्म्यावर आल्या आहेत. अजून एक तसा आला की संपलं. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसती धास्ती होती. "अब्बा जातीन, गेटवर बसतीन, परत येतीन. आपण काय करू शकतो, सांग." पण थोड्या वेळाने त्याने नंबर पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता.

दुपारभर तो नंबर शाइस्ताच्या मोबाइलवर होता. गाडी रात्री पोचणार. अब्बा स्टेशनवरच पाठ टेकतील आणि सकाळी पत्ता विचारत निघतील. आरजू शाळेतून आली, जेवली, नाना माझ्यासाठी काय आणतील म्हणून विचारत राहिली.

आधी शाइस्ताने ठरवलं की त्या बाईंना सांगायचं, मेहरबानी करून दार उघडू नका, गादी कोणाला देऊन टाकली म्हणा. म्हणजे निदान रुई तरी छातीत जाणार नाही. तिने वाक्य मनात जुळवलंही. मग अब्बा डोळ्यांपुढे आले, पुण्याच्या त्या गेटवर बसलेले, आणि घरी येऊन 'झालं काम' म्हणणारे. मेहरबानीच्या नावाखाली ती तेच पुन्हा मागणार होती.

मग वाटलं, सांगावं, आत घ्या, चहा द्या, पण पिंजू देऊ नका. पण काम न करता अब्बा त्या घरचा चहा पिणार नाहीत. उलट कमान उचलून तसेच उठतील, आणि गाडीत बसून सगळ्या वाटेने विचार करतील की रुईत काय खोट निघाली. डॉक्टर म्हणतात पिंजू नका, अब्बा म्हणतात पिंजतो, आणि तिच्या हातात या दोघांच्या मध्ये एका अनोळखी बाईचा नंबर. तिला त्या बाईंचा रागही येऊन गेला. हसणारं तोंड काढून त्या विसरूनही गेल्या असतील. मग लक्षात आलं, की त्यांनी चूक काय केली? दुनिया लिहिते तसं लिहिलं. त्यांची आई गादीवर शांत झोपते, हेही त्यांनीच तर लिहिलं होतं.

ऊन उतरलं. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली. अब्बांचा फोन तिने आणखी एकदा लावला. तीच बाई, तीन भाषांत.

अब्बांच्या छातीतली रुई तिला काढता येणार नव्हती. त्यांना वाटेतून उतरवता येणार नव्हतं. जुबेरचं दुकान राहील की बुडेल, तेही तिच्या हातात नव्हतं. राहता राहिलं एक गेट. उद्या सकाळी त्या गेटवर एक म्हातारा येईल, खोकत, हातात लुगड्यात गुंडाळलेली लांब वस्तू घेऊन. तो कोण आहे हे गेटवरच्या माणसाला आधी कोणी सांगितलेलं असेल, तर तो बाहेर बसणार नाही. एवढं सांगायला हवं. त्यांचं नाव उस्मान. हातात आहे ते हत्यार नाही. मजुरी घेणार नाहीत, देऊ नका, दोन घास जेवायला घाला. पिंजायला मोकळ्यावर बसवा, गच्ची असेल तर गच्चीवर. आणि नाकाला फडकं बांधायला तुमच्या आईंनी सांगावं. तुमचं ऐकणार नाहीत, माझं तर ऐकतच नाहीत, पण घरातल्या म्हाताऱ्या बाईचा शब्द ते मोडत नाहीत.

यावर त्या बाई 'तुम्ही कोण, माझा नंबर कुठून मिळाला' म्हणतील. फोन ठेवून देतील. तक्रारही टाकतील.

शाइस्ताने आरजूला जिन्याखाली खेळायला पाठवलं आणि दार लोटलं. मराठीत बोलून चालणार नव्हतं. हिंदीतलं पहिलं वाक्य तिने एकदा हळू आवाजात म्हणून पाहिलं, मैं उस्मान पिंजारी की बेटी बोल रही हूँ, अकोला से, आणि नंबर लावायला घेतला.